टोपरीच्या दोनशे बारा बिया

उद्या जगबुडी झाली, डोंगर जळाले, नद्या आटल्या आणि जमिनीवर गवताचं पातंही उरलं नाही, तरी सारी सृष्टी पुन्हा पहिल्यापासून उभी करता यावी, अशी सोय एका दुमजली इमारतीच्या तळघरात करून ठेवलेली आहे. तळघराचं दार पोलादी आहे, आतलं तापमान उणे वीस अंश आहे, आणि दार नीट बसावं म्हणून त्याच्या फटीत वर्तमानपत्राची घडी खोचलेली आहे. घडी दर सोमवारी बदलतात.

या इमारतीला बीजपेढी म्हणतात. डोंगरउतारावर, ओढ्याकाठी, माळावर आपणहून उगवणाऱ्या, कुणी न लावलेल्या आणि कुणी न विचारलेल्या रानटी वनस्पतींचं बी इथे आणतात, पाखडतात, वाळवतात, चकचकीत पाकिटांत बंद करतात आणि थंडीत ठेवून देतात. दर पाच वर्षांनी त्यातलं थोडं बाहेर काढून ओल्या ताटलीत घालतात आणि ते अजून उगवतं का ते बघतात. उगवलं की नोंदवहीत ‘जिवंत’ असं लिहितात आणि रोप फेकून देतात.

हे उगवून बघायचं काम गेली एकतीस वर्षं ताई करत होती. इमारतीतले सगळेच तिला ताई म्हणत; तिच्याहून वयाने मोठे असलेले माळीमामाही म्हणत. एकटे तिचे वडील तिला बाळ म्हणत. बाळाचं वय त्रेपन्न होतं. ताईच्या हाताला गुण आहे, तिने ताटलीत खडे पेरले तरी त्यांना कोंब फुटतील, असं लोक म्हणायचे. ताईला ते ऐकून बरं वाटायचं, आणि लगेच सात नंबरचं पाकीट आठवून वाटेनासं व्हायचं.

सात नंबरच्या पाकिटात टोपरी नावाच्या रोपाच्या दोनशे बारा बिया होत्या. जगात दुसरीकडे कुठेही टोपरी उरलेली नाही, असं दुर्मिळ वनस्पतींच्या यादीत छापलं होतं. म्हणजे जी काय होती ती या दोनशे बारा बियांत होती, आणि त्या काही केल्या उगवत नव्हत्या.

आता, इतर कुठल्याही धंद्यात एकतीस वर्षं हूं की चूं न करणाऱ्याला मेला असं म्हणतात. बियांच्या धंद्यात झोपला असं म्हणतात. न उगवलेलं बी सुप्तावस्थेत असू शकतं. त्याला जाग येईल असं काहीतरी करायला हवं, एवढंच. ताईने ते सगळं केलं होतं. बिया गरम पाण्यात भिजवल्या, बर्फात पुरल्या, धुरावर धरल्या, सँडपेपरवर घासल्या. एका शोधनिबंधात वाचून माळीमामांच्या ओळखीच्या एका शेळीला चार बिया चारल्या आणि दोन दिवस त्या शेळीच्या मागे चाळणी घेऊन फिरली. चारही बिया जशाच्या तशा परत मिळाल्या. शेळीलाही त्या पचल्या नव्हत्या. प्रत्येक वेळी बिया धुऊन, वाळवून, मोजून पुन्हा पाकिटात जात. त्यामुळे आकडा दोनशे बाराचा दोनशे बाराच राहिला होता. त्या बाबतीत पेढीतलं एवढं चोख पाकीट दुसरं नव्हतं.

एखादी बी कापून आत काय आहे ते बघावं, असं तुमच्या-आमच्या डोक्यात येईल. ताईच्याही आलं होतं. पण दुर्मिळ बियांना सुरी लावू नये असं तीन साहेबांपूर्वीच्या साहेबांचं परिपत्रक होतं. न कापता आतलं दाखवणारं क्ष-किरण यंत्र अकरा वर्षांपूर्वी मंजूर झालं होतं. ते अजून मंजूरच होतं.

या टोपरीत ताईचा जीव अडकला होता, कारण त्या बिया तिच्या बाबांनी आणल्या होत्या.

बाबा भूमापक होते. एकतीस वर्षांपूर्वी एका नव्या रस्त्यासाठी ते डोंगराची एक उतरण मोजत होते. दुपारी डबा खायला बसले तेव्हा शेजारी घोट्याएवढी करडी रोपं दिसली. फूल बघण्यासारखं नव्हतं, पण फळ गमतीचं होतं: तान्ह्या बाळाला घालतात तसलं टोपरं, आणि त्याला खाली दोन नाड्या. बाबांनी एक फळ करंगळीवर चढवून बघितलं, नीट बसलं, आणि त्यांनी रोपाला टोपरी म्हणायला सुरुवात केली. पुढे वनस्पतीतज्ज्ञ आले, त्यांनी सहा महिने अभ्यास केला आणि ही वनस्पती एवढ्या एकाच उतरणीवर आहे असं जाहीर केलं. तोवर रस्ता मंजूर झाला होता. मोजणी अचूक होती, हरकत घ्यायला जागाच नव्हती. यंत्रं यायच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी पिशवीभर फळं तोडली आणि नव्या बीजपेढीत नुकत्याच चिकटलेल्या आपल्या लेकीच्या हातात आणून ठेवली.

रस्ता झाला. सरळ झाला, चांगला झाला, अजून त्याला भेग नाही. बाबा मात्र त्या रस्त्याने कधी गेले नाहीत. बस तिकडून जाणार असेल तर ते एक थांबा आधी उतरत आणि लांबचा वळसा घालून चालत येत. गुडघ्यांना चालणं चांगलं असतं, असं सांगत. गुडघ्यांना ते मुळीच चांगलं नव्हतं.

आणि दर रविवारी फोनवर विचारत, “बाळ, टोपरी उठली का?”

“झोपलीय, बाबा.”

“अगदी आमच्या कचेरीतल्यांसारखी,” असं म्हणून ते फोन ठेवत.

चार महिन्यांपूर्वी बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. वय ऐंशी. दोन्ही डोळ्यांनी त्यांना जग दुधातून बघितल्यासारखं दिसत होतं. हिरवा झगा आणि हिरवी टोपी घालून ते चाकाच्या खाटेवर बसले होते. आयुष्यभर दऱ्याखोऱ्यांत लोखंडी साखळी टाकत फिरलेला माणूस, पण त्या टोपीत फार लहान दिसत होता. वॉर्डबॉय खाट ढकलायला लागला तेवढ्यात त्यांनी ताईचा हात धरला. “बाळ, टोपरी उठली का गं?”

त्या दिवशी रविवार नव्हता. ताईच्या तोंडून निघून गेलं, “उठली, बाबा.”

“किती?”

“तीन.”

लबाडीचं असं असतं की तिला आकडा जोडला की ती माहिती होते. बाबा हसत हसत आत गेले. ऑपरेशन उत्तम झालं. महिन्याने दुसऱ्या डोळ्याचंही झालं. त्यानंतर बाबांना सगळं दिसायला लागलं. छताच्या कोपऱ्यातली जळमटं दिसायला लागली, शेजाऱ्याने भिंत चार बोटं पुढे घेतलेली दिसायला लागली. ताई भेटायला गेली तर दारातच म्हणाले, “तुझे केस कधी पिकले?”

“दहा वर्षं झाली, बाबा.”

“मग सांगायचं नाहीस का!”

मागच्या रविवारी त्यांचा फोन आला. “गुरुवारी येतोय पेढीत.”

“कशाला?”

“डोळे दाखवायला.”

“कुणाला? इथे डोळ्यांचा डॉक्टर नाही.”

“टोपरीला दाखवायचेत गं. तुमच्या साहेबांना फोन केला मी. भला माणूस आहे. त्यांना काही ठाऊकच नव्हतं.”

सोमवारी सकाळी साहेबांनी बोलावलं. साहेब मनाने चांगले होते, पण त्यांना प्रत्येक गोष्टीचा फोटो दिसायचा.

“ताई, एवढी मोठी बातमी, आणि ती मला तुमच्या वडिलांकडून कळावी?”

“साहेब, ते जरा...”

“मला कळतं. शास्त्रज्ञ विनयशीलच असतात. वार्षिक अहवालाचं पहिलं पान बदललंय मी. छपाईला शुक्रवारी जातोय, फोटो गुरुवारी काढू. मधे तुमचे वडील, हातात रोप, शेजारी मी. मी निळा शर्ट घालतोय. हिरव्याच्या मागे निळा खुलतो.”

ताई बाहेर आली ती थेट मागच्या आवारात, माळीमामांकडे. त्यांना खरं सांगायला हरकत नव्हती. माळीमामा तीस वर्षं झाडांशी बोलत आले होते, त्यामुळे गुपित राखायची त्यांना सवय होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकवली आणि म्हणाले, “एवढंच ना? दाखवा की कुठलंही रोप.”

“बाबा ओळखतील हो.”

“एवढंसं रोप कोण ओळखतंय? माझी पाचही नातवंडं मला जन्मली तेव्हा एकसारखीच दिसली. टोमॅटोची तीन देतो.”

“टोमॅटोच्या पानाला वास येतो, मामा.”

“मग वास घेऊ देऊ नका. सर्दी झालीय म्हणावं.”

“कुणाला? बाबांना?”

“रोपाला.”

मंगळवारी ताईच्या टेबलावर तीन कुंड्या आल्या. ताईने त्यांच्याकडे दिवसभर पाठ करून काम केलं. पाठीला त्या दिसत होत्या. रात्री तिला झोप लागली, कारण तिला झोप नेहमीच लागायची. पण बुधवारी सकाळी आरशात केस विंचरताना तिने स्वतःलाच विचारलं, की ज्या माणसाला ऐंशीव्या वर्षी नवे डोळे मिळालेत, त्याला आपण टोमॅटो दाखवणार?

बुधवारी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर ती तळघरात उतरली, सात नंबरचं पाकीट घेऊन वर आली, भिंगाखाली एक बी ठेवली, चिमट्याने धरली आणि परिपत्रकाच्या छातीवर सुरी ठेवली.

बी फार टणक होती. कट् असा आवाज झाला आणि दोन वाट्या झाल्या. आत एक किडा होता.

बाजरीच्या दाण्याएवढा, तपकिरी, सहाही पाय पोटाशी घेऊन निजलेला. अंगावर एक ओरखडा नव्हता. ताईने दुसरी बी कापली. किडा. तिसरी कापली. तिच्यात दोन होते, एकमेकांना पाठ करून. दहावी कापून झाल्यावर ताईने सुरी खाली ठेवली आणि खुर्चीत मागे टेकून बसली.

एकतीस वर्षं. उणे वीस अंश. दोन जनरेटर, एक अग्निशामक यंत्रणा, दर सोमवारी वर्तमानपत्राची नवी घडी. सहा वेळा तपासणी. एक शेळी. आणि हे सगळं किड्यांसाठी. आधी तिच्या घशातून एक बारीकसा आवाज आला. तिला वाटलं आपण रडतोय. मग लक्षात आलं की आपण हसतोय, आणि ते काही लवकर थांबणार नाही. तिने तोंडावर रुमाल धरला. रुमाल पुरला नाही.

हसून झाल्यावर तिला एकेक उलगडायला लागलं. किड्याने आत घर केलं की फळ फुगून गोल आणि जड होत असणार. कुणालाही बी वाटावं असं. आणि पेढीच्या पहिल्याच पुस्तकात, पहिल्याच पानावर, पाखडण्याचा नियम होता: वाऱ्याच्या झोतात जे जड म्हणून खाली पडतं ते बी, जे हलकं म्हणून उडतं ते फोलपट. बावीस वर्षांच्या ताईने नोकरीच्या पहिल्या आठवड्यात बाबांची पिशवी त्या झोतात ओतली होती. जड दोनशे बारा दाणे तिने मोजून, नाव घालून, अभिमानाने ठेवले. आणि कागदासारख्या पातळ, करड्या पापुद्र्यांचा जो सूपभर ढीग उडून पडला होता, तो तिने... तो तिने खोलीच्या मागच्या खिडकीतून बाहेर उधळून दिला होता. सूप झटकलंही होतं, वर दोन थापट्या मारून.

म्हणजे टोपरी रस्त्याखाली गेली नव्हती. ती ताईने फेकली होती.

गुरुवारी बाबा दहाच्या बसने आले. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, चष्मा नाही. साहेब निळ्या शर्टात दारात उभे होते. त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि फोटोवाला अकराला येतोय असं सांगितलं. ताई म्हणाली, “आधी मला बाबांशी पाच मिनिटं बोलायचंय,” आणि तिने बाबांना पाखडण्याच्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं. तीन कुंड्या तिथे आधीच येऊन बसल्या होत्या. माळीमामा वेळेचे पक्के होते.

बाबांनी कुंड्यांकडे बघितलं. “हे टोमॅटो आहेत,” ते म्हणाले.

“हो.”

“छान आहेत.”

“बाबा, टोपरी उठली नाही. कधीच उठली नव्हती. मी खोटं बोलले.”

बाबांनी स्टूल ओढलं आणि बसले. वाऱ्याचं यंत्र घुंघुं करत होतं. ताईने ते बंद केलं.

“तीन कुठून आणलेस?” बाबांनी विचारलं.

“काय तीन?”

“आकडा. एक म्हणाली असतीस तर मला शंका आली असती. तीन म्हणजे अगदी मोजल्यासारखं वाटलं.”

“सुचला.”

“माझी मुलगी शोभतेस,” बाबा म्हणाले. पण हसले नाहीत, आणि ताईला ते न हसणं सोसेना. तिने सगळं एका दमात सांगून टाकलं: सुरी, किडे, जड आणि हलकं, सूप, खिडकी. “तुमच्या रस्त्याने नाही संपवली हो ती. तुम्ही उगाच एकतीस वर्षं वळसा घालून चालताय. मी संपवली.”

“किडे?” बाबा म्हणाले.

“दोनशे बारा. म्हणजे आता दोनशे दोन, दहा कापले. एका फळात तर दोन निघाले.”

“आणि शेळी?”

“काय शेळी?”

“शेळीने किडे खाल्ले?”

“खाल्ले आणि परत दिले.”

आता मात्र बाबा हसले. आधी खांदे, मग पोट, मग स्टूल हलायला लागलं. डोळ्यांना पाणी आलं तसे ते ताईने सांगितल्याप्रमाणे न चोळता नुसते टिपत राहिले. बाहेर साहेबांना वाटलं की रोपं बघून वडील भारावून गेले आहेत.

“बरं,” बाबा शेवटी म्हणाले, “फेकलंस कुठे ते दाखव.”

“ही काय, या कपाटामागे खिडकी आहे. धूळ येते म्हणून दुसऱ्याच वर्षी बंद केली.”

“इथून नाही. जागेवर जाऊन बघू. मी मोजणीचा माणूस आहे, जागेवर गेल्याशिवाय मला काही कळत नाही.”

“बाबा, एकतीस वर्षं झाली. तिथे आता वातानुकूलन यंत्रांचे डबे आहेत आणि चिखल आहे.”

“चल गं.”

इमारतीला वळसा घालून ते मागे गेले. त्या बोळात तज्ज्ञांपैकी कुणी कधी येत नसे. बघण्यासारखं काही नव्हतं. भिंतीवर यंत्रांचे डबे घरघरत होते, त्यांतून पाणी ठिबकत होतं, आणि डब्यांखाली भिंतीच्या कडेने घोट्याएवढं करडं-हिरवं तण माजलं होतं. अर्ध्या बोळात तण होतं. अर्धा बोळ स्वच्छ होता. स्वच्छ भागात माळीमामा उकिडवे बसून दोन्ही हातांनी तण उपटत होते.

“या, या,” ते म्हणाले. “पाहुणे यायचे म्हणून साहेबांनी सगळं आवार साफ करायला सांगितलं. एवढं झालं की झालंच.”

त्यांनी आणखी एक मूठ धरली.

“हात लावू नका!” बाबा ओरडले. ऐंशीच्या माणसाच्या छातीत एवढा आवाज असेल असं कुणाला वाटलं नसतं. माळीमामांनी मूठ सोडली आणि दोन्ही हात वर केले.

बाबा चिखलात बसले. इस्त्रीच्या पँटसकट, सरळ मांडी घालून. “बाळ,” ते म्हणाले, “हे काय आहे?”

“तण आहे, बाबा. दर पावसाळ्यानंतर...” ताई म्हणाली, आणि थांबली. तिने टोपरी जिवंत कधी बघितलीच नव्हती. तिने बघितलं होतं ते एक चपटं, तपकिरी, कागदाला चिकटवलेलं रोप, जे बघून टोपरीच काय पण कुठलंही रोप ओळखता आलं नसतं. ती खाली वाकली. पानांच्या बगलेत, बारीक देठावर, तान्ह्या बाळाचं टोपरं होतं. त्याला खाली दोन नाड्या होत्या. त्याच्या शेजारी दुसरं होतं. त्याच्या शेजारी शंभर होती.

ताईने एक फळ तोडून तळहातावर चोळलं. करडा पापुद्रा निघाला, फुंकर मारली तर उडेल असा. नखाने चिरला. आतलं इवलंसं पोट पांढरं, ओलं आणि अगदी जिवंत होतं. किडा नव्हता.

“उठलीय, बाबा,” ती म्हणाली. तिने रुमालात तोंड घातलं.

बाबांनी एक टोपरं तोडलं, करंगळीवर चढवलं आणि करंगळी उन्हात धरून, मान वाकडी करून, त्या नव्या डोळ्यांनी बघत बसले. ते नीट बसलं होतं.

“याला तुम्ही काय म्हणता?” त्यांनी माळीमामांना विचारलं.

“हे? मेलं-जात-नाही म्हणतो मी. वर्षातून चारदा उपटतो, चारदा येतं. तीस वर्षं भांडतोय त्याच्याशी. आता आपलेपणा झालाय.”

“आणि उपटलेलं टाकता कुठे?” ताईने विचारलं.

“खताच्या खड्ड्यात, आणखी कुठे? आपलं खत फार नावाजलेलं आहे. सगळा गाव नेतो. शाळा नेते, दवाखाना नेतो, टपाल कचेरीच्या कुंड्यांना जातं, मोठ्या रस्त्याच्या मधल्या पट्ट्याला तर दर वर्षी दोन गाड्या जातात.”

ताईने बाबांकडे बघितलं. बाबा माळीमामांकडे बघत होते.

“कुठला मोठा रस्ता?” बाबांनी विचारलं.

“एकच तर आहे. तो सरळ.”

एवढ्यात साहेब फोटोवाल्याला घेऊन आले. निळा शर्ट, हातात एक टोमॅटोची कुंडी. चिखलात बसलेले पाहुणे, रुमालात तोंड घातलेली ताई आणि हात वर केलेले माळीमामा बघून ते जरा बिचकले. त्यांना सगळं सांगण्यात आलं. किड्यांपाशी त्यांचा चेहरा पडला. तणापाशी पुन्हा उजळला.

“म्हणजे तीनच नाहीत?” ते म्हणाले.

“मोजायचं काम माझं,” बाबा म्हणाले आणि त्यांनी मोजायला सुरुवात केली. फोटो तसाच निघाला: बाबा चिखलात, बोटावर टोपरं, तोंडाने “एकशे चौदा” म्हणताना, शेजारी साहेब, हातात टोमॅटो. हिरव्याच्या मागे निळा खरंच खुलला होता.

त्या संध्याकाळी बाबा घरी जाताना नेहमीच्या थांब्यावर आधी उतरले नाहीत. ते सरळ पुढे गेले आणि आपल्या रस्त्याच्या तोंडाशी उतरले. मग रस्ता संपेपर्यंत चालले. रविवारी फोन आला तेव्हा ते काही विचारायच्या ऐवजी सांगायलाच लागले. “बाळ, माझ्या रस्त्यावर आहे गं! मधल्या पट्ट्यात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन हजारांपर्यंत मोजली, मग एक पोलीस आला. म्हणाला, आजोबा, रस्त्याच्या मधे काय करताय? मी म्हटलं, मोजणी. तो म्हणाला, सरकारी? मी म्हटलं, आता नाही.”

“मग?”

“मग तोही मोजू लागला थोडी. चांगला पोरगा आहे. पण त्याला मोजता येत नाही, मधलीच गाळतो.”

शाळेच्या कुंपणाशी टोपरी होती, दवाखान्याच्या पायऱ्यांच्या फटीत होती, टपाल कचेरीच्या कुंड्यांमध्ये तर फुलझाडांपेक्षा जास्त होती. बाबांनी सगळ्या जागांचा नकाशा काढला, मोजमापासह, आणि ताईने तो चौकटीत घालून प्रयोगशाळेत लावला. बोळातल्या रोपांचं बी तिने स्वतः पाखडलं. या खेपेला हलकं ठेवलं आणि जड फेकलं. ताटलीत घातलेल्या पन्नासच्या पन्नास बिया पाचव्या दिवशी उगवल्या. नोंदवहीत ‘जिवंत’ असं लिहिताना तिचं अक्षर एवढं मोठं आलं की ते खालच्या ओळीत उतरलं, आणि ती रोपं फेकून देण्याऐवजी तिने बाबांच्या खिडकीत नेऊन ठेवली.

साहेबांच्या अहवालाचं पहिलं पान पुन्हा एकदा बदललं. ‘खतमाध्यमातून दुर्मिळ वनस्पतीचे दीर्घकालीन पुनर्स्थापन’ असं त्याला नाव मिळालं. माळीमामांनी ते ताईकडून दोनदा वाचून घेतलं आणि हे आपण केलं का असं विचारलं. हो म्हटल्यावर ते फार खूश झाले आणि चहा सांगायला गेले. दुर्मिळ वनस्पतींच्या समितीने पाच माणसं पाठवली. ती तीन दिवस गावात फिरली, बाबांनी त्यांना पुढे राहून सगळं दाखवलं, आणि समितीने टोपरीचं नाव एकमताने यादीतून काढलं. ते पत्र आलं त्या दिवशी ताईने सगळ्यांना बिस्किटं वाटली.

गेल्या महिन्यात शेतीखात्याने उपद्रवी तणांची नवी यादी काढली. टोपरी तिच्यात त्रेचाळिसाव्या क्रमांकावर आहे.